किडक्या बेलाची शाल

लातूरच्या उन्हाळ्यात लोकरीची शाल विणत बसणारा माणूस एक तर खुळा असतो, नाहीतर नवरा असतो. मी दुसऱ्या प्रकारातला. पहिल्या प्रकाराबद्दल आमच्या गल्लीत अजून एकमत झालेलं नाही.

तीस वर्षं मी औषधाचं दुकान चालवलं. गुडघे कुरकुरायला लागले तसं ते मुलीच्या हवाली केलं आणि घरी बसलो. त्याच सुमाराला बायकोच्या बोटांचा संधिवात वाढला. सकाळी उठल्यावर बोटं सरळ व्हायला आधी तासभर लागायचा, मग दोन तास, मग ती सरळ व्हायचीच थांबली. गोळ्या आमच्याच दुकानातल्या. इतक्या वर्षांत हजारो लोकांना 'फरक पडेल बघा' असं सांगून मी पाकिटं हातात दिली, आणि घरच्या माणसाला काही फरक पडला नाही. याचा राग मला अजून येतो. तो कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून मी तो बहुतेक वेळा पंख्याच्या रेग्युलेटरवर काढतो.

माझी बायको जाळीच्या शाली विणायची. आमच्या नातेवाइकांच्या भाषेत सांगायचं तर चांगल्या लोकरीत भोकं पाडायची. जाळीच्या विणकामात भोक चुकून पडत नाही, ते ठरवून सोडायचं असतं. आणि एक भोक सोडलं की शेजारी दोन टाक्यांचा एक करून त्याची भरपाई करायची असते. अशी शेकडो भोकं जागच्या जागी पडली की त्यातून पान दिसतं, फूल दिसतं, कुयरी दिसते. नक्षी ती कुठून बघून उतरवायची नाही, स्वतः काढायची. मुलीच्या शाळेतल्या जुन्या आलेखाच्या वहीत एका चौकोनाला एक टाका. गोळा म्हणजे भोक, तिरकी रेघ म्हणजे दोन टाक्यांचा एक. रांगोळीच्या ठिपक्यांवरून तिनं नक्षी काढली, खिडकीच्या गजांच्या सावलीवरून काढली, एकदा तर तुरीच्या शेंगांवरून काढली. ती शेंगांची शाल आमच्या मुलीनं लग्नात पांघरली तेव्हा आडत बाजारातल्या एका व्याह्यांनी बोटात धरून विचारलं होतं, "वैनी, दाणा भरलाय का पोचट हाय?"

हात थांबले तरी वहीचं काम थांबलं नाही. पेन्सिल ती मुठीत धरायची, लहान मूल धरतं तशी, आणि चौकोन भरत राहायची. वही भरायला आली, विणणारं कुणी नाही. मग एका दुपारी तिनं माझ्या हातातला पेपर काढून घेतला आणि सुया दिल्या.

"तुमी तर रिकामेच हायत की," ती म्हणाली.

माझं शिक्षण सुरू झालं. "सुई धरायची हाय, चमचा न्हाई." "टाका उचला, त्याचा गळा कामून दाबायलेत?" "दोरा पुढं घ्या. पुढं म्हणजे माझ्याकडं. म्हणजे तुमच्याकडं. आवो, दाराच्या अंगाला घ्या!" पहिला चौकोन विणून झाला तेव्हा त्याला कोपरे नेमके किती आहेत यावर आमचा वाद झाला. तिनं तो स्वयंपाकघरात नेला आणि गरम पातेलं उतरवायला वापरला. मी म्हटलं, निदान उपयोगाला तरी आला. ती म्हणाली, भोकांतून चटका बसतो.

पण एक गोष्ट माझ्याकडं होती. तीस वर्षं मी डॉक्टरांचं अक्षर वाचलं होतं. बायकोच्या मुठीतल्या पेन्सिलीचे गोळे कुठं, रेघा कुठं, हे तिचं तिलाही कधी कधी लागायचं नाही, मला लागायचं. सहा महिन्यांत मी सरळ ओळ विणायला लागलो, वर्षात पान. टाके मात्र घट्टच पडत राहिले. सुईवरून पुढं सरकवताना ते कुरकुरायचे. तिची स्वतःची वीण सैल होती, हातातून सांडल्यासारखी. माझी वीण बघून ती म्हणायची, "एवढं काय आवळताय? पळून चाललेत व्हय टाके?"

गल्लीला हे नवीनच. ओट्यावर बसून विणायला लागलो की समोरच्या वैनी विचारायच्या, कुणाकडं बाळ येणार आहे. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी माझं नाव बदलून 'काकू' ठेवलं. मी मनाला लावून घेतलं नाही. ज्या माणसानं भर दुकानात गिऱ्हाइकांना डायपरचे साइज समजावून सांगितलेत, त्याला लोकर काय लाजवणार?

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण, नांदेडला राहणारी. त्यांची आई लवकर गेली. अक्कांनीच हिला वाढवलं, वेणी घातली, शाळेत नेऊन बसवलं, आणि विणायला शिकवलं. सुया आणायची ऐपत नव्हती, तेव्हा सायकलच्या चाकातल्या तारा काढून, दगडावर घासून त्यांच्या सुया केल्या. अक्का शिकवायला कडक. टाका सुटलाय का ते त्या डोळ्यांनी बघत नसत. डोळे मिटायच्या आणि कापडावरून बोटं फिरवायच्या. बोट थांबलं की समजायचं, तिथपर्यंत उसवायचं. कौतुक हा प्रकार त्यांच्याकडं नव्हता. फक्त एकदा, आमच्या लग्नाच्या दिवशी, हिच्या हातांवर मेंदी बघून त्या म्हणाल्या होत्या, "तुजे हात माज्याहून चांगले हायत." ही गोष्ट बायकोनं मला लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सांगितली, आणि त्यानंतर दर वर्षी एकदा तरी सांगते.

त्यामुळंच हाताचं अक्कांना तिनं कळू दिलं नव्हतं. वर्ष उलटून गेलं तरी. व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा दाखवायची, फोन डब्याला टेकवून ठेवायची. अक्का विचारायच्या, "काय विणायलीस?" ही म्हणायची, "हाय एक चालू." खोटं नव्हतं. एक चालूच होती. फक्त कॅमेऱ्याच्या पलीकडं, माझ्या हातात.

मग कळलं की अक्का नांदेडचं घर बंद करून कायमच्या हैदराबादला मुलाकडं चालल्यात. पुढच्या वैशाखात. बायको दोन दिवस वहीची पानं उलटत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तिला एक शाल द्यायची. माज्या हातची."

मी माझ्या हातांकडं बघितलं.

"हाव, माज्याच हातची," ती म्हणाली. "तिनं निवांत जाऊ दे. तिकडं लेकाच्या घरात बसून माज्या बोटांचा घोर नको तिला. नंतर सांगते मी सावकाश." आणि मग, वहीकडं बघत, "तिचं तेवढं एकच म्हणणं हाय वो माज्याजवळ. ते बी कसं परत करू?"

तेव्हा मला समजलं की ही शाल पास झालीच पाहिजे.

नक्षी बेलाची निघाली. दोघीही सोमवार करणाऱ्या, लहानपणी पहाटे बेल तोडायला जायच्या. तीन दळांचं पान, मधलं सरळ, बाजूची दोन बाहेर झुकलेली. ऐकायला सोपं आहे. विणायला बसलो तर बाजूची दोन्ही दळं एकाच अंगाला झुकायला लागली, जणू वारा सुटलाय. तिनं वहीत खोडलं, परत काढलं. मी विणलं, उसवलं. असे अकरा नमुने झाले. त्यातला एक माझ्या बहिणीला दाखवला तर ती म्हणाली, कोंबडीचा पाय छान आलाय. बायको तिला चहा न देता आत निघून गेली.

बाराव्या नमुन्यात दळं झुकली, जशी झुकायला हवीत तशी. बायकोनं तो तुकडा गालाला लावला. मी लोकर मागवली, चंदनी रंगाची, केसाएवढी बारीक. माझी घट्ट वीण लपवायची म्हणून सुया दोन नंबर जाड घेतल्या. ती शेजारी बसून ओळीमागून ओळ सांगायची आणि एखादं दळ अर्धवट राहिलं की लगेच म्हणायची, "उसवा. तुटका बेल देवाला चालत न्हाई." मी म्हणायचो, ही देवाला नाही, अक्काला चाललीय. ती म्हणायची, "देवाचं एक वेळ चाललं असतं."

आठ महिन्यांनी शाल सुईवरून उतरली. चुरगळलेल्या कागदासारखी दिसत होती. जाळीची शाल भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की मगच तिची नक्षी उघडते. नळाला पाणी यायची वाट बघितली, ते आलं, आणि पलंगभर शाल ताणून बसवली. पंखा बंद, कारण टाचण्या हलतात. आम्ही दोघं घामानं निथळत दाराशी उभं राहून बघत होतो. दीडशेक बेलाची पानं त्या पलंगावर पडली होती. बायको माझ्या खांद्याला टेकली. मला फार बरं वाटलं.

तोवर सगळं ठीक होतं. पुढची चूक सर्वस्वी माझी.

आमच्याकडं माणूस दिसला की त्याचा सत्कार होतो. भाषण करणाऱ्याचा होतो, भाषण ठेवणाऱ्याचा होतो, माइकवाल्याचाही केलेला मी पाहिलाय. सत्कार म्हणजे शाल आणि नारळ. नारळाची चटणी होते, पण शाल कुठं जाणार? ती पारदर्शक पिशवीतून बाहेरच निघत नाही. कपाटात जाते आणि पुढच्या सत्काराला दुसऱ्याच्या खांद्यावर पडते. फिरणाऱ्यांच्या आमच्या मंडळात हे शाल-नारळ खातं माझ्याकडं होतं, त्यामुळं आमच्या कपाटाचा वरचा कप्पा अशा पिशव्यांनी भरलेला. बेलाची शाल वाळल्यावर तिला धूळ लागू नये म्हणून मी नीट घडी घातली, सत्काराची एक रिकामी पिशवी शोधली, तिच्यात घातली, आणि कपाटात ठेवली. वरच्या कप्प्यात.

रविवारी मंडळाचा कार्यक्रम होता. पाहुणे मुखेडचे, शेती खात्यातून निवृत्त झालेले, गच्चीवरच्या भाजीपाल्यावर बोलायला आलेले. निघायच्या वेळी माइकवाल्याचा फोन, नारळवाल्याचा फोन. एक फोन कानाला धरून मी दुसऱ्या हातानं कप्प्यातल्या तीन पिशव्या ओढल्या. तीस वर्षं गोळीचं पाकीट वजनावरून ओळखणाऱ्या माणसाला एक पिशवी हलकी लागली नाही.

स्टेजवर अध्यक्षांनी पिशवी फोडली, शाल झटकली आणि पाहुण्यांच्या खांद्यावर घातली. मंडपातलं ऊन त्यांच्या पाठीवरून आत शिरलं आणि त्यांच्या सफेद शर्टावर बेलाची पानं उमटली. मी शेजारी नारळ घेऊन उभा. करणार काय? घातलेली शाल काढून घेतली तर मुखेड आणि लातूर यांच्यात पुढच्या दोन पिढ्या सोयरीक झाली नसती. मी नारळ दिला आणि टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत बायको बसली होती. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी ती आपल्या वाकड्या बोटांनी वाजवतच होती.

घरी येताना रिक्षात म्हणाली, "माज्या शालीचा पयल्यांदाच सत्कार झाला. टाळ्या बी नको वाजवू?" मी हसायला गेलो आणि थांबलो, कारण ती हसत नव्हती. घरी आल्यावर ती वही मांडीवर घेऊन बसली. "अक्का गुरुवारी जाणार," एवढंच म्हणाली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी मी पाहुण्यांना फोन केला, मुखेडला येतोय, सहज. मंगळवारी सकाळच्या एसटीत बसलो. मांडीवर सत्काराची नवी कोरी शाल, जरीच्या काठाची, चांगली जड. चाकूर येईस्तोवर मी मनात एक वाक्य तयार केलं, चाकूर गेल्यावर ते खोडलं. सत्काराची शाल परत कशी मागतात, याचा कुणाला अनुभव असेल तर विचारायचं तरी कुणाला?

पाहुण्यांनी दार उघडलं, पाणी दिलं. चहाचं नाव नाही. थोडा वेळ छताकडं बघून म्हणाले, "शाल बदलायला आलात व्हय?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मी तिथं काही बोललो न्हाई," ते म्हणाले. "आपल्या भागातली माणसं म्हणून गिळून घेतलं. पण कसर लागलेली शाल घालायची? समद्या अंगाला भोकं! घरी येऊन उलगडली तर आईच्या डोळ्याला पाणी आलं वो."

माझ्या आठ महिन्यांचं आणि बायकोच्या अकरा नमुन्यांचं त्या एका शब्दात भुस्कट झालं. कसर! आतून राग आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही गिळून मी जरीची शाल पुढं केली. म्हटलं, चूक झाली, माफ करा. ते जरासे निवळले. आईला हाक मारली.

आई आतल्या खोलीतून आल्या. ऐंशीच्या पुढच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं कानाला बांधलेली. हातात आमची शाल, आणि शालीत सुई. सुई ओवलेली होती.

"तुमची हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "बसा, बसा. रफू करून राहिले मी. एवढा कोपरा झालाय बगा." त्यांनी कोपरा माझ्यापुढं धरला. नऊ पानं. प्रत्येक पानातलं प्रत्येक भोक पांढऱ्या दोऱ्यानं, बारीक टाक्यांनी, गच्च बुजवलेलं.

"बेल हाय ना ह्यो?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"मला कळला. तीन पानं हायत की. कुण्या बाईनं एवढ्या कष्टानं बेल काढला आन् मेल्या किडीनं पानं खाल्ली. किडका बेल देवाला चालतो का? म्हणलं बसूनच हाय, बुजवून टाकावं. चार रोज ऱ्हाऊ द्या, समदी बुजवून देते."

चार रोज! मी घाईघाईनं म्हटलं, नको माय, एवढं केलंत तेच लई झालं, आता पुढचं घरीच करतो. भोकं मुद्दाम सोडली आहेत हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. त्या दोन दिवस मान मोडून बसल्या होत्या. त्यांनी शाल पदरानं पुसली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मग चहा आला, आणि चहाबरोबर शेंगदाण्याचे लाडू.

संध्याकाळी घरी पोचलो तर बायको दारातच. मी आधीच सांगून टाकलं, कोपरा खराब झालाय, पण काळजी नको, बारीक कात्रीनं रातोरात उसवून देतो. तिनं कोपरा उलगडला, पांढऱ्या दोऱ्यावर अंगठा फिरवला आणि कपाळाला हात लावला. मी म्हातारीचं बोलणं सांगायला लागलो. 'बेल हाय ना ह्यो' इथं तिनं मला थांबवलं.

"परत सांगा."

मी परत सांगितलं.

"तुमी सांगितलं असंल तिला."

"शपथ. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

ती खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "तुमच्या बहिणीला कोंबडी दिसली. अध्यक्षाला काहीच दिसलं न्हाई. पाव्हण्याला कसर दिसली. आन् त्या माउलीला चष्म्याच्या एका काडीवर बेल दिसला!" मी कात्री आणायला उठलो. तिनं माझा हात धरला. "हात लावायचा न्हाई त्याला. तिनं बेल म्हणून बुजवलाय तो."

मी म्हटलं, पण अक्कांना कळेल. ती म्हणाली, सांगू की खिळ्यात अडकली म्हणून रफू केली. मला काही ते पटलं नाही, पण शाल तिची होती.

बुधवारी नांदेडला गेलो. अक्कांचं घर सगळं खोक्यांमध्ये बांधलेलं, भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. बसायला खुर्ची उरली नव्हती, म्हणून अक्का ट्रंकेवर बसलेल्या. बायकोनं पदर दोन्ही हातांवरून ओढून घेतला होता. बेचाळीस अंशांच्या उन्हात खांद्यापासून बोटांपर्यंत झाकून घेतलेली ती एकटीच बाई नांदेडात असेल. शाल मीच पिशवीतून काढून अक्कांच्या मांडीवर ठेवली.

अक्कांनी डोळे मिटले.

बोटं शालीवरून फिरायला लागली. एका काठानं वर, दुसऱ्या काठानं खाली. मी शाळेत निकालाच्या दिवशी उभा राहायचो तसा उभा होतो. मधे एके ठिकाणी बोट थांबलं, पुढं गेलं. रफूच्या कोपऱ्यावर आलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. बायकोनं खिळ्याची गोष्ट सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्काच बोलल्या. डोळे मिटलेलेच.

"नक्षी तुजी हाय. बेलाला असा झोक दुसऱ्या कुणाला सुचायचा न्हाई." मग थांबून, "वीण तुजी न्हाई. लई घट्ट. भ्यालेल्या माणसानं विणलीय. आन् ह्या कोपऱ्यात तिसरंच कुणी तरी हाय. म्हातारं माणूस हाय, जीव लावून केलंय, पण विणकाम ठाऊक न्हाई त्याला."

त्यांनी डोळे उघडले. "तुजे हात कुटं हायत?"

मग बायकोनं पदर बाजूला केला आणि हात पुढं केले. अक्कांनी ते आपल्या हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, एकेक बोट धरून पाहिलं. सरळ करायला गेल्या तशी ही कळवळली, आणि अक्का थांबल्या.

"किती दिस झाले?"

"दोन वर्सं."

"आन् मला सांगितलं न्हाईस."

मग बायको रडली. लग्नात, बापाच्या घरून निघताना रडली होती, त्यानंतर मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. "तू म्हणलीवतीस, तुजे हात माज्याहून चांगले हायत," ती म्हणाली. "तेवढं एकच म्हणलीस तू मला सगळ्या जन्मात. ते बी गेलं, असं कसं सांगू तुला?"

अक्कांनी तिचे हात शालीवर ठेवले आणि वरून शालीचा पदर घातला. त्यांचेही डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच, उसवायला सांगतानाचा.

"येडी हायस. मला तवा काय कळत व्हतं? हात दिसले, हात म्हणले. चांगलं जे व्हतं ते तुज्या डोक्यात व्हतं, ते अजून हाय." मग त्यांनी माझ्याकडं मान वळवली, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि बहिणीला म्हणाल्या, "हातांचं काय गं. हात तर ह्यांचे बी चालतात."

माझा आजवर बऱ्याच ठिकाणी सत्कार झालाय, शाली कपाटात आहेत. पण त्या रिकाम्या घरात, खोक्यांच्या मधोमध, इतका अपमान होऊनही इतकं बरं मला कधी वाटलं नाही. बायको रडता रडता हसत होती.

गुरुवारी स्टेशनावर अक्का भर उन्हात शाल पांघरूनच आल्या. मी म्हटलं, उकडेल. त्या म्हणाल्या, "भोकं हायत की." गाडी हलायच्या वेळी खिडकीतून माझ्याकडं वाकल्या. "पाव्हणं, उजव्या काठाला चवथ्या पानात टाका सुटलाय. उसवायला आता टाइम न्हाई. तिकडं कंटाळा आला की त्यात बोट घालून बसंन."

परतीच्या एसटीत बायको खिडकीशी बसली. चाकूर मागं पडेपर्यंत ती बाहेर बघत होती. मग तिनं पिशवीतून वही काढली, पेन्सिल मुठीत धरली, आणि गाडीच्या धक्क्यांत कसेबसे दोन-चार गोळे काढले.

"आवो," ती म्हणाली, "पुढच्या वेळी जरा सैल हातानं घ्या. भ्यायचं काय आता?"